मुंग्या, चौकोन आणि जेऊर : दूरचित्रवाणीच्या चित्रातील दोषांचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे जेऊर हे गाव दौंड–कुर्डुवाडी लोहमार्गावर असल्यामुळे मुंबई आणि मद्रास या दोन्ही टोकांशी त्याचा संबंध आगगाडीच्या काळापासूनचा आहे. दूरचित्रवाणीच्या लहरींशी मात्र तो फार उशिरा आणि पुष्कळ काळ अर्धामुर्धाच जुळला. याचे पहिले कारण भूमितीचे होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहून पुणे त्याच्या कक्षेत आले. त्या काळी प्रक्षेपण ज्या व्हीएचएफ लहरींवर होत असे, त्या साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजापलीकडे झपाट्याने क्षीण होतात. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आणि जेऊरच्या परिसराचे पठार पाचशे-साडेपाचशे मीटर, म्हणजे गडावरच्या मनोऱ्याला या गावाच्या मानाने साडेसातशे मीटरांहून अधिक उंची लाभलेली होती. गावात नऊ-दहा मीटर उंचीवर अँटेना बांधला आहे असे धरले, तरी या दोन उंचींच्या हिशेबाने लहरींचे क्षितिज सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरांवर येते, आणि सिंहगड ते जेऊर हे हवाई अंतर दीडशेच्या घरात आहे. अशा जागी लहर अगदीच पोचत नाही असे नाही. हवामान अनुकूल असेल तर ती वाकून येते, पण येते ती इतकी दुबळी की तिला वाढवून घेताना संचाला स्वतःच्याच पोटातल्या विद्युत गडबडीशी झगडावे लागते.

या गडबडीला तंत्रज्ञ नॉइज म्हणतात. कोणत्याही वाहकातील इलेक्ट्रॉन तापमानामुळे सतत थरथरत असतात आणि त्या थरथरीतून एक क्षीण, दिशाहीन विद्युतदाब निर्माण होतो. बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी तो मोजून दाखवला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले, या दोन्ही गोष्टी १९२८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. प्रक्षेपकाची लहर जोरकस असेल तर ही थरथर तिच्याखाली झाकली जाते. लहर मंदावली की संच आपोआप आपला वर्धक वाढवतो आणि चित्राबरोबर थरथरही वाढून पडद्यावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची वळवळ दिसू लागते, जिला महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘मुंग्या येणे’ म्हटले गेले. त्यावर बाजाराने दिलेला उपाय म्हणजे बूस्टर. तो अँटेनाच्या तोंडाशी, खांबावरच बसवला, तर खाली येणाऱ्या केबलमध्ये लहर खचण्याआधीच ती वाढते आणि थोडा लाभ होतो. पुष्कळदा तो सोयीसाठी संचाशेजारी ठेवला जाई आणि मग तो खचलेल्या लहरीबरोबर नॉइजलाही तितक्याच उदारपणे वाढवून देई. या साध्या भेदापायी किती बूस्टर फुकट विकले गेले असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

सोलापूरच्या सीमेपलीकडे याच काळात एक वेगळा प्रयोग चालू होता. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने भारताने ‘साइट’ हा शैक्षणिक प्रयोग राबवला, आणि त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांमध्ये कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर जिल्ह्यांतील गावे होती. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री आणि सार्वजनिक संच एवढ्या सामग्रीवर त्या गावांना चित्र मिळत होते, कारण उपग्रहाकडून येणारा संदेश वारंवारता बदलून, म्हणजे एफएम पद्धतीने, पाठवलेला होता आणि ही पद्धत लहरींचा पट्टा रुंद घेऊन त्या बदल्यात नॉइज दाबते. पट्ट्याची रुंदी आणि चित्राची स्वच्छता यांचा हा सौदा या संपूर्ण इतिहासाच्या मुळाशी आहे. पुढच्या काळात पट्टा महाग होत गेला, आणि सौदा दुसऱ्या बाजूने होऊ लागला.

१९८२ च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, आणि ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यावर उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उतरवून घेणारे शंभर वॅटचे कमी शक्तीचे प्रक्षेपक देशभर झपाट्याने उभे राहिले. अशा प्रक्षेपकाचा आवाका पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. दोन वर्तुळांच्या मधल्या फटीत पडलेल्या गावांना मुंग्या तशाच राहिल्या, आणि शेजारच्या इमारतीवरून वा टेकडीवरून परावर्तित होऊन उशिरा पोचलेल्या लहरीमुळे दिसणाऱ्या दुहेरी आकृत्या त्यात भर घालू लागल्या. तरीही त्या जुन्या चित्राचा एक गुण मान्य करावा लागतो: ते हळूहळू बिघडत असे. मुंग्यांच्या वळवळीतून माणसाचा डोळा चेहरा शोधून काढू शकतो, कारण ती वळवळ प्रत्येक क्षणी वेगळी असते आणि चेहरा जागच्या जागी असतो. पुढे आलेल्या डिजिटल दोषांमध्ये डोळ्याला ही सवलत उरली नाही.

डिजिटल चित्राची अडचण त्याच्या आकारमानात होती. १९८२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार भारतात वापरल्या जाणाऱ्या ६२५ ओळींच्या चित्राला आकड्यांत बदलले तर दर सेकंदाला २१६ मेगाबिट, म्हणजे एकवीस कोटींहून अधिक शून्य-एकांचा ओघ तयार होई, आणि तो कोणत्याही घरापर्यंत नेणे त्या काळात अशक्य होते. म्हणून चित्र दाबून लहान करणे, म्हणजे कॉम्प्रेशन, अपरिहार्य ठरले. आणि या कामाचे दोन मुख्य खांब ज्यांनी रोवले त्यांत भारतात जन्मलेले दोन अभियंते आहेत. पहिले बंगळूरचे नासिर अहमद. कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती रूपांतराच्या अभ्यासासाठी अनुदान मागितले. कल्पना फारच साधी आहे, या शेऱ्यासह ते नाकारले गेले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आज जगातली बहुतेक सर्व छायाचित्रे व चित्रफिती त्याच्याच आधारावर साठवल्या जातात. या पद्धतीत चित्राचे आठ पिक्सेल रुंद व आठ पिक्सेल उंच असे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा ६४ आकड्यांत मांडतात: पहिला आकडा तुकड्याची सरासरी उजळता सांगतो, पुढचे आकडे क्रमाक्रमाने बारीक तपशील सांगतात. किराणा दुकानदार वहीतले पैसे सोडून रुपयांतच हिशेब मांडतो, तसे हे तपशिलाचे आकडे ढोबळ करून टाकले की बरेचसे शून्य होतात आणि शून्यांची रांग थोडक्या जागेत लिहिता येते. या ढोबळपणालाच क्वांटायझेशन म्हणतात, आणि पुढचे सगळे दोष त्याच्याच पोटी जन्माला आले.

दुसरे नाव अरुण नेत्रावळी यांचे. १९४६ मध्ये मुंबईत जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीतून १९६७ मध्ये पदवी घेतलेले नेत्रावळी राइस विद्यापीठातील डॉक्टरेटनंतर १९७२ मध्ये, म्हणजे मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्याच वर्षी, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. त्यांच्या कामातील दोन सूत्रे येथे महत्त्वाची आहेत. १९७७ मध्ये बिरेंद्र प्रसादा यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की चित्रात जेथे ठळक कडा किंवा दाट तपशील असतो तेथे डोळ्याला चूक कमी जाणवते, तेव्हा ढोबळपणा सर्वत्र सारखा न ठेवता तो अशा जागी लपवावा. १९७९ मध्ये जे. डी. रॉबिन्स यांच्यासह त्यांनी हालचालीचा अंदाज बांधून पुढची फ्रेम आधीच्या फ्रेमवरून भाकीत करण्याची पद्धत मांडली, ज्यामुळे संपूर्ण चित्राऐवजी फक्त भाकितातली चूक पाठवली तरी पुरते. नेत्रावळींची मूळ रीत प्रत्येक पिक्सेलच्या हालचालीचा स्वतंत्र अंदाज घेणारी होती. उद्योगाने मात्र १९८१ मध्ये जे. आर. जैन आणि अनिल के. जैन यांनी मांडलेली, पूर्ण तुकडाच्या तुकडा सरकवून पाहणारी पद्धत उचलली, कारण तिच्यासाठी लागणारी चिप स्वस्तात बनत होती. नेत्रावळी पुढे बेल प्रयोगशाळेचे अध्यक्ष झाले आणि २००१ मध्ये पद्मभूषणाचे मानकरी ठरले. पण पडद्यावर चौकोन का दिसतात या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या स्वस्त चिपच्या निवडीत आहे. रूपांतरही तुकड्यांचे आणि हालचालही तुकड्यांची, त्यामुळे कोणतीही कसर पडली की ती तुकड्याच्या कडेवरच उघडी पडू लागली.

महाराष्ट्रातील सामान्य प्रेक्षकाची या चौकोनांशी पहिली गाठ पडली ती व्हिडिओ सीडीमुळे. १९९३ मध्ये ठरलेल्या या तबकडीवर ३५२ बाय २८८ पिक्सेलांचे चित्र सेकंदाला सुमारे ११.५ लाख बिटांत बसवलेले असे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका फ्रेमच्या वाट्याला ४६ हजार बिट येतात, आणि फ्रेममधल्या सोळा बाय सोळाच्या ३९६ तुकड्यांत ते वाटले तर एका तुकड्याला सरासरी ११६. न दाबलेल्या स्थितीत त्याच तुकड्याला ३,०७२ बिट लागले असते. दोन माणसे भिंतीसमोर बसून बोलत असतील तर भिंतीच्या तुकड्यांना जवळपास काहीच लागत नाही आणि उरलेले बिट चेहऱ्यांना मिळतात. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळला, की हा हिशेब कोसळतो: हवेतला प्रत्येक कण स्वतंत्र दिशेने उडतो, आधीच्या फ्रेमवरून भाकीत करता येत नाही, आणि सगळेच तुकडे एकाच वेळी बिट मागू लागतात. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारे यंत्र, अशा वेळी तपशिलाचे बहुतेक आकडे शून्य करून केवळ सरासरी उजळता पाठवतो आणि पडद्यावर गुलालाच्या जागी गुलाबी फरशा दिसतात. आषाढीला पंढरपुरातून होणारे थेट प्रक्षेपण याच कारणाने अवघड असते; पताका, टाळकऱ्यांची गर्दी आणि चंद्रभागेचे हलते पाणी यांपैकी एकही गोष्ट यंत्राला सवलत देत नाही. यांच्या जोडीला आणखी एक दोष असतो: अक्षरांसारख्या तीव्र कडांभोवती तपशिलाचे आकडे कापले गेल्यामुळे चिलटांसारखी लुकलुक दिसते, आणि वृत्तवाहिन्यांच्या खालच्या सरकत्या पट्टीवर ती सर्वाधिक जाणवते.

येथे जुन्या शत्रूने नव्या शत्रूशी हातमिळवणी केली. मुंग्या म्हणजे ज्याचे भाकीतच होऊ शकत नाही असा तपशील. त्यामुळे व्हीएचएस टेपवरून उतरवलेले गोंगाटी चित्र कॉम्प्रेशनला दिले, की यंत्र आपले बिट मुंग्यांवर उधळते आणि चेहऱ्याला उपाशी ठेवते. स्वस्त तबकड्यांवरील जुन्या चित्रपटांची दुर्दशा मुख्यतः यामुळे झाली. उपाय ठाऊक होता: १९७० च्या दशकाच्या अखेरीसच अमेरिकेत सीबीएसच्या अभियंत्यांनी लागोपाठच्या फ्रेमांची सरासरी काढणारे यंत्र बनवले होते. चार फ्रेमांची सरासरी घेतली तर स्थिर चित्र तसेच राहते आणि यादृच्छिक नॉइज निम्म्यावर येतो. हलणाऱ्या हातामागे मात्र शेपटी उमटते, म्हणून यंत्राला आधी हालचाल ओळखावी लागते, आणि नॉइजलाच हालचाल समजण्याची चूक ते हमखास करते. चांगल्या आणि सुमार यंत्रातला फरक या एका निवाड्यात असतो.

चौकोन पुसण्याचे काम त्याहून नाजूक ठरले. तुकड्याच्या कडेवर दोन्ही बाजूंच्या पिक्सेलांत पायरी दिसली, तर ती कॉम्प्रेशनने पाडलेली की चित्रातल्या दाराची खरी चौकट, हे ओळखायचे कसे? चित्र उलगडणाऱ्या डीकोडर चिपला किती ढोबळपणा केला गेला हे माहीत असते, त्यामुळे पायरी त्या ढोबळपणाच्या मानाने लहान असेल तर ती बनावट मानून घासून काढायची आणि मोठी असेल तर हात लावायचा नाही, असा नियम तिला पाळता येतो. दूरचित्रवाणी संचाला ही माहिती मिळतच नव्हती. पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांच्या तारेतून आलेल्या चित्रात तुकड्यांच्या सीमा कोठे आहेत याचा पत्ता नाही, आणि ७२० पिक्सेलांचे चित्र १,९२० पिक्सेलांच्या पडद्यावर ताणले की आठ पिक्सेलांचा तुकडा सव्वाएकवीसच्या आसपास, तोही अपूर्णांकात, येऊन बसतो. संचाच्या मेनूतील ‘नॉइज रिडक्शन’ हा पर्याय अशा अंधारात चाचपडत असे आणि चौकोनांबरोबर चेहऱ्यावरच्या खळ्या-सुरकुत्याही सपाट करी. जुन्या काचेच्या ट्यूबचा इलेक्ट्रॉन झोत स्वभावतःच कडा पसरट करत असल्याने तिच्यावर चौकोन निम्मे झाकले जात. म्हणूनच सपाट पडद्याचा नवा संच घरात आल्यावर त्याच केबलचे चित्र आधीपेक्षा वाईट दिसते ही तक्रार सर्वत्र ऐकू आली, आणि ती खरीही होती.

दुरुस्तीची जागा बदलण्याची कल्पना अगदी नवी नव्हती. व्हिडिओ दूरध्वनीसाठी बनलेल्या एच.२६१ या मानकात, १९९० मध्येच, चित्र पुढच्या भाकितासाठी वापरण्यापूर्वी ते गुळगुळीत करणारा फिल्टर होता. एमपेग-१ आणि एमपेग-२ या पुढच्या मानकांनी तो गाळला. २००३ च्या एच.२६४ मानकाने तो अधिक शहाणा करून परत आणला. या डीब्लॉकिंग फिल्टरमध्ये प्रत्येक कडेला शून्य ते चार अशी प्रत दिली जाते, त्या प्रतीनुसार किती पिक्सेल घासायचे हे ठरते, आणि घासलेली फ्रेमच पुढच्या फ्रेमच्या भाकिताचा पाया होते, त्यामुळे एका फ्रेममधला चौकोन पुढच्या फ्रेमांत वारशाने जात नाही. किंमतही होती: फिल्टरच्या रचनाकारांच्याच अंदाजानुसार डीकोडरच्या एकूण गणिताचा सुमारे एक-तृतीयांश भाग हा फिल्टर खाऊन टाकत असे. पुढे २०१३ च्या एचइव्हीसी या मानकात तुकड्यांची किमान जाळी मोठी करून हा खर्च कमी केला गेला.

भारतात ही प्रगती सरळ मार्गाने आली नाही. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही मोफत छत्री-सेवा सुरू झाली आणि जेऊरसारख्या गावांची सिंहगडाच्या क्षितिजापासून सुटका झाली. पण ही सेवा आणि तिच्या आगेमागे आलेल्या पहिल्या खासगी सेवा जुन्या एमपेग-२ वरच होत्या, ज्यांच्या डीकोडरला चौकोन घासण्याची सक्ती नव्हती. २००७-०८ च्या सुमारास आलेल्या सेवांनी नवे मानक घेतले. त्यातून मिळालेली बचत चित्राच्या दर्जाकडे जाण्याऐवजी पुष्कळदा वाहिन्यांची संख्या वाढवण्याकडे गेली, हे मात्र नोंदवले पाहिजे. एकाच पट्ट्यात आणखी दोन वाहिन्या बसत असतील तर बसवायच्या, हा व्यापाराचा साधा नियम होता. छत्रीच्या पडद्यावर आणखी एक प्रकारचे चौकोन अवतरले. पावसाच्या धारा उपग्रहाच्या केयू पट्ट्यातील लहरी शोषतात. चूक-दुरुस्तीची संकेतप्रणाली काही मर्यादेपर्यंत हरवलेले बिट भरून काढते आणि तोवर चित्र निर्दोष राहते, मर्यादा ओलांडली की पिक्सेल फुटतात आणि लगेच चित्र अडकते. प्रेक्षकाच्या लेखी दोन्ही चौकोन सारखेच, पण एक यंत्राने जाणूनबुजून केलेल्या काटकसरीचा आणि दुसरा वाटेतल्या गळतीचा. पहिल्यावर छत्री हलवून उपयोग नाही आणि दुसऱ्यावर कोणताही फिल्टर चालत नाही. केबलचे सक्तीचे डिजिटायझेशन ऑक्टोबर २०१२ अखेर मुंबईत, मार्च २०१३ अखेर पुणे-नागपूरसारख्या शहरांत आणि मार्च २०१७ अखेर शेवटच्या टप्प्यात ग्रामीण भागात पोचले.

तोपर्यंत गावाने मोबाईलचा रस्ता धरला होता. मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानांतून १७६ बाय १४४ पिक्सेलांच्या थ्रीजीपी फिती फिरत, ज्यांत चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम मूठभर तुकडे येत. जेऊरचे नागराज मंजुळे यांचा, बव्हंशी करमाळा तालुक्याच्या परिसरात चित्रित झालेला ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि चित्रपटगृहांत गर्दी असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाईलवर फिरू लागल्या. उसाचे हलणारे पाते आणि विहिरीच्या पाण्याची खळबळ ही दोन्ही दृश्ये एन्कोडरची परीक्षा पाहणारी आहेत, आणि एका उपकरणासाठी दाबलेली प्रत दुसऱ्यासाठी पुन्हा दाबली, की प्रत्येक वेळी आधीचे चौकोन खरा तपशील समजून जपले जातात व त्यावर नव्या चौकोनांची जाळी चढते. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि चित्राचा दर्जा क्षणाक्षणाला उपलब्ध वेगानुसार बदलू लागला.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या फिल्मचे डिजिटल पुनरुज्जीवन करताना मात्र प्रश्न उलटा उभा राहतो. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली मे २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाचा ३६३ कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर झाला. फिल्मवरचे ओरखडे काढायचे, पण तिच्या रासायनिक थरातील चांदीच्या कणांमुळे दिसणारा पोत राखायचा, असा या कामातला जगभरचा दंडक आहे, कारण तो पोत चित्राचाच भाग मानला जातो. कॉम्प्रेशनच्या यंत्राला मात्र कण आणि मुंग्या एकाच जातीच्या, म्हणजे दोन्ही भाकिताबाहेरच्या. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ मानकाने यावर अजब तोड काढली: पाठवण्यापूर्वी कण काढून टाकायचे, त्यांची दाटी आणि विखुरण्याची रीत थोडक्या आकड्यांत सोबत द्यायची, आणि प्रेक्षकाच्या चिपने त्या आकड्यांवरून तसेच दिसणारे कृत्रिम कण चित्रावर पुन्हा पेरायचे. यासाठी लागणारी चिप गेल्या काही वर्षांतल्याच संचांत आणि मोबाईलमध्ये आहे. मोफत छत्रीच्या आणि केबलच्या जुन्या पेट्यांत ती नाही, आणि त्या पेट्यांपर्यंत जुना चित्रपट अजूनही कण पुसलेल्या, मऊ पडलेल्या चेहऱ्यांनीच पोचतो.